नावेच्या चार फळ्या

वडूज,
सोमवार, २५ नोव्हेंबर १९९६

प्रिय दादा,

घरात एकच माणूस शिकलेलं असेल, तर त्याची चूक पकडायची कुणी? तीन दिवस हाच प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. मी बी.एस्सी. झाले तेव्हापासून आपल्या घरात मी म्हणेन ते खरं. औषधाच्या बाटलीवरची तारीख असो की पंचायतीची नोटीस, आबा कागद माझ्यापुढे धरतात आणि "रेश्मा म्हनंल तसं" म्हणून मोकळे होतात. मला ते आवडायचं, हे आधी कबूल करते.

तू लष्कराच्या लिलावातून पाठवलेली ॲल्युमिनियमची नाव गाव अजून 'जर्मनचं पातेलं' म्हणूनच ओळखतं. हंबीरराव आपली प्रवासी जीप भरायला थांबले की आबांना हटकून विचारतात, "केरबा, आज च्या किती कपाचा?" त्याच नावेतून पलीकडच्या वस्तीची चौदा पोरं शाळेत आणायची, असं जूनमध्ये ठरलं. तलावाला वळसा घालून यायचं तर त्यांना दोन तास चालावं लागतं, नाहीतर हंबीररावांच्या जीपला पैसे मोजावे लागतात. आतला जुना तळ उचकटला तर लाकूड कुजलेलं आणि खालच्या पत्र्याचे सांधे धरणारी अकरा रिबिटं ढिली. आबा लोहाराकडे निघाले होते, मीच अडवलं. लोखंड गंजतं, तांबं गंजत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग तांबटाकडून तांब्याची अकरा रिबिटं आणून ठोकली. आई तेवढी म्हणाली, "आगं, जर्मनमदी आपन लोनचं सुदिक ठेवत न्हाई, आन् ह्येंची खारवल्याली मासळी तर नावंतच आसती." मी हसले, दादा. लोणच्याचा आणि नावेचा काय संबंध, असं म्हणाले आणि बी.एड.ला सांगलीला निघून गेले.

नवा तळ उचलता यावा, ही कल्पनाही माझीच. पोरांचे पाय नावेच्या बरगड्यांत अडकू नयेत आणि खाली साचलेलं पाणी रोज बघता यावं, उपसता यावं, म्हणून. दिवाळीत मी वर्तमानपत्राचे साचे कापून दिले. तेव्हा तळात पाणी होतं, पण मी वाकून पाहिलंही नाही. त्या साच्यांवरून आबांनी जांभळीच्या चार फळ्या केल्या. नावेच्या कुशीला जिथं बाक आहे तिथं कडा तासत तासत अशा बसवल्या की मध्ये काडीही जाऊ नये. प्रत्येक फळीला बोट घालायला एक भोक आणि दोन्ही टोकांना लाकडी खिट्टी. खिट्टी फिरवली की फळी डब्याच्या झाकणासारखी वर येते. सुताराचं काम आबा कधी शिकले, मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सांगलीत आठवीच्या वर्गावर माझा पाठ होता, विद्युतघटाचा. फळ्यावर तांब्याची पट्टी काढली, जस्ताची काढली, मिठाचं पाणी लिहिलं आणि माझा खडू तिथंच थांबला. त्या घटात तांबं शाबूत राहतं आणि जस्त झिजतं. जस्ताच्या जागी जर्मन धरलं तर तेही तसंच झिजणार, आणि मीठ त्याला घाई करणार. तपासायला बसलेल्या बाई मागून "पुढे?" म्हणाल्या. पुढे मला पोरांनी भरलेली नाव दिसत होती. शनिवारी सकाळी विट्यावरून येणारी एसटी धरली.

आबा मला थेट तलावावरच घेऊन गेले. सोमवारी भाऊसो सरपंच नारळ फोडणार, म्हणून नावेला झेंडूची माळसुद्धा आणून ठेवली होती. मी दुसरी फळी उचलली. खाली चार बोटं पाणी, आणि प्रत्येक रिबिटाभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी. एकाला अंगठ्यानं दाबलं तर ते दातासारखं हललं. मी सांगितलं. आबांनी ते रिबीट पुन्हा आत दाबलं. मग तुझं नाव काढून म्हणाले, "वायसं पानी कुटल्या नावंत नसतं? जयराज रजेवर आला की बघू." मी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज चढला. "तांबं घाला म्हनून तूच सांगितलंस. माज्या लेकीनं सांगितलंय म्हनून मी गावभर बोललो. आता त्या पोरांच्या आयांना काय सांगू, माजी लेक चुकली?" त्यांनी फळी खाली टाकली आणि चारही फळ्यांच्या खिट्ट्यांवर खिळे ठोकले. उचलता यावा म्हणून केलेला तळ त्यांनी माझ्यासमोर बंद करून टाकला.

रविवारी सकाळी नाव गुडघाभर पाण्यात बसलेली सापडली. अकराही रिबिटं गायब. गाव गोळा झालं आणि कुणीतरी म्हणालं, पोरं नावेनं गेली तर जीपला गिऱ्हाईक कुठून?  चारही फळ्या काठावर एकावर एक, पहिलीपासून चौथीपर्यंत ओळीनं रचून ठेवल्या होत्या. आबांनी त्या फळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. तुला जाणारं त्यांचं प्रत्येक पत्र मीच लिहिते. त्यांनी सांगितलं, "लिही, हंबीररावाच्या मानसांनी नाव फोडली. पुढच्या आटवड्यात येशील तवा त्येचा इचार कर." मी 'प्रिय दादा' लिहिलं आणि थांबले. तुझा हात किती लवकर उठतो, हे मला ठाऊक आहे. दादा, हंबीररावांनी नावेला बोटही लावलेलं नाही. रविवारी उजाडता उजाडता पकडीनं खिळे मी उपसले आणि जाड खिळा धरून एकेक रिबीट मीच ठोकून पाडलं. गावाला तोंडानं सांगण्यापेक्षा हातोडी मारणं सोपं वाटलं. सांगितलं असतं तर शिकलेली मी चुकले, हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो कागद तसाच राहिला होता, तो आत्ता पुरा करते आहे. आज सकाळी नारळ फोडायला जमलेल्या सगळ्यांसमोर, पोरांच्या आया आणि हंबीरराव उभे असताना, मी ती अकरा रिबिटं काठावर मांडली आणि तांब्यापासून हातोडीपर्यंत सगळं सांगितलं. आई पदर तोंडाला लावून उभी होती. हंबीरराव एवढंच म्हणाले, "मंजी पातेलं तूच फोडलंस व्हय, पोरी?" मी हो म्हणाले.

तुझीच,
रेश्मा