बाबांची कवळी आणि माझा साचा

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबांच्या कवळीचा पुढचा दात तुटला. रविवारी आत्या येणार. तिच्या डॉक्टरांनी एवढा एकच प्रवास करू दिलाय, यापुढे नाही. ती बाबांना अजून ‘माझा राजबिंडा भाऊ’ म्हणते, त्यामुळे दात त्याआधी हवाच. दंतवैद्याची गुरुवारची वेळ मिळाली होती. मी रद्द केली. एवढ्याशा दातासाठी दवाखाना? व्हिडिओ पाहिलाय. तुटका दात मेणाने पुरा करायचा, सिलिकॉनमध्ये साचा काढायचा, नवी कोरी कवळी ओतायची. संकल्प : या घरातलं काहीही यापुढे दुरुस्तीला बाहेर जाणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हार्डवेअरच्या दुकानातून सर्वांत स्वस्त सिलिकॉन आणलं, बाथरूमच्या फटी बुजवतात ते. व्हिडिओत ते आधी साबणाच्या पाण्यात मळून घेतात. असले सोपस्कार नवशिक्यांसाठी. तुटक्या जागी मेणाचा दात बसवला, अख्खी नळी डब्यात रिकामी केली, कवळी आत दाबली. घरभर व्हिनेगरचा वास. ही म्हणाली, बाबा जेवणार कशाने? एका दिवसाचा तर प्रश्न आहे!

६ फेब्रुवारी, गुरुवार
वरून खडखडीत. काडी खुपसली, तर आत नुसतं लोणी. हवाच दमट, त्याला मी काय करणार? बाबा सूपवर आहेत. तक्रार नाही. बोलताना तोंडावर हात धरतात, निम्मं कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
हेअर ड्रायर लावला. ड्रायर जळाला. ही म्हणते, आत्ताच्या आत्ता कवळी काढ, धुऊन दे, तुटक्या दातासकट चालेल. पण आता काढली तर साचा मोडेल, सगळी मेहनत पाण्यात. उतावळेपणाने कुणाचं भलं झालंय? सकाळपर्यंत वाळेलच.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
नाही वाळलं. कवळी उपसून काढली. मेणाचा दात आतच राहिला. दातांच्या फटींत चिकटा. घासावं तसा आणखी पसरतो. बाबांनी तोंडाशी नेली, वास घेतला, परत माझ्या हातात दिली.

संध्याकाळ
आत्या आली तेव्हा बाबांनी खोलीला आतून कडी लावून घेतली होती. ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. म्हणाली, अरे उघड, मी काय तुझे दात मोजायला आलेय? मग स्वतःची कवळी काढून हातात घेतली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, मीही तुझ्यासारखीच झाले बघ. आतून फक्त ‘हं’. ऊन उतरेपर्यंत ती दाराशी बोलत होती, लहानपणीचं काहीबाही. जाताना तिने दारावरून हात फिरवला. हे सगळं हिने सांगितलं. मी बाथरूममध्ये कवळी घासत होतो. म्हणजे माझ्या प्रयत्नांत कसूर नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार
दातांवरचा चिकटा आपोआप वाळला, सालीसारखा सोलून निघाला. कवळी लख्ख. म्हणजे पद्धत बरोबर होती, वेळ कमी पडला. बाबांपुढे धरली. घेतली नाही. म्हणाले, आता कुणाला दाखवू?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी फोन आला. आत्या गेली.

बाबांनी कवळी मागून घेतली, बसवली, मला जवळ बोलावलं. म्हणाले, तुझी चूक नाही रे, कडी मी लावली होती. हेच ऐकायला मी रविवारपासून त्यांच्या मागेपुढे करत होतो. ऐकलं, आणि मला रडू आवरेना. ते माझ्या पाठीवर हात फिरवत आत्याबद्दल बोलत राहिले, कितीतरी वेळ. पुढचा दात नव्हता, तरी शब्द न् शब्द कळत होता.