हबसाणची मोहीम, मार्गे इंदूर

लश्कर, ग्वाल्हेर
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८५७

राजमान्य राजश्री जयसिंहराव काटकर, दारोगा, शिकारखाना, देवास थोरली पाती, यांच्या सेवेशी कान्होजी खराडे, निवृत्त जमादार, खेचर पथक, यांचा आधी खडा सलाम आणि मग मेहुण्याच्या नात्यानं साधा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? विजयाबाईंना थंडीत दम लागतो, त्यांना अडुळसा चालू ठेवावा. शिकारखान्यातले चित्ते मजेत असतील. (त्यांचं माझं कधी बिनसलं नाही, म्हणून मोकळेपणानं विचारतो.) दीड वर्षात तुमचं पत्र नाही, माझंही नाही. का नाही ते दोघांना ठाऊक आहे, आणि ते उगाळायला मी बसलेलो नाही. फक्त एवढंच लिहून ठेवतो की शामलेच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली ती माझ्या बसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे ठरल्या मिनिटाला, आणि तुम्ही त्या वेळी आत आरशासमोर फेटा बांधत होता. पोरीच्या पाठीशी मामाच्या जागी दुसराच कोणी उभा करावा लागला. यात घड्याळाची काही चूक नव्हती. असो. शामला इंदुरात सासरी आहे, सातवा महिना सरत आला. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र हबसाणाबद्दल आहे.

इटलीवाल्यानं हबशांच्या मुलखावर (वर्तमानपत्रवाले त्याला ॲबिसिनिया म्हणतात) चाल केली हे तुमच्याही कानी आलंच असेल. विमानं, तोफा, विषारी धूर, आणि समोर बिचारे भाला-ढालवाले. हे वर्तमानपत्रातून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम नाना करतात. (नाना म्हणजे दरबारच्या दप्तरातून निवृत्त झालेले, गोरखी वाड्याच्या मागे राहतात. चष्मा नाकावर आला की कुठलीही बातमी त्यांच्या तोंडून हुकमासारखी येते.) तिसरे आमचे दौलतसिंह, जुने रिसालेवाले. इथे लश्कर शहरात तिसरी पिढी, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरतील सांगता येत नाही. आम्ही तिघं रोज चार वाजता नानांच्या ओट्यावर बसतो. गेल्या महिनाभरात ठरलं ते असं की हे सहन करायचं नाही. ग्वाल्हेरनं फौज पाठवावी. दौलतसिंहांनी मांडीवर थाप मारून सांगितलं, "अरे भाई, शिंद्यांची फौज कधी दुसऱ्याच्या भांडणात पडली नाही, असं झालंय का?" 

आता जायचं हे नक्की, पण कसं? इथे माझी गरज लागली. दौलतसिंहांचं म्हणणं, पाचशे घोडेस्वार मुंबईहून बोटीवर चढवायचे आणि पलीकडे उतरले की थेट दौड. मी विचारलं, चारा? त्यांनी विचारलं, चारा कशाला, तिथे गवत नसतं का? जयसिंहराव, हे रिसालेवाले आयुष्यभर असेच. मी मोठ्या लढाईत बसऱ्याला दोन वर्षं खेचरांबरोबर काढली आहेत. लढाई जिंकतो तो घोडा, असं लोक म्हणतात, पण त्या घोड्याचे हरभरे ज्याच्या पाठीवरून येतात ते खेचर. शाळेतल्या मास्तरांकडून नकाशा आणला. त्यावर हबसाण माझ्या तळहातात मावतं, आणि त्या तळहातात डोंगरच डोंगर. म्हणजे घोडा बाद. एकशेवीस खेचरं, प्रत्येकावर दोन मण, असा माझा आराखडा. नानांना समुद्र ओलांडायची धास्ती होती, पण त्यांनी लश्करात राहूनच दप्तर सांभाळावं असं ठरल्यावर त्यांचा उत्साह एकदम वाढला आणि दरबाराकडे जाणाऱ्या अर्जाचा मसुदा त्यांनी एका बैठकीत सात पानी केला. तुमच्याकडे शिकारखान्याचे जुने तंबू आणि ती मोठी दुर्बीण आहे. ते दोन्ही मोहिमेला द्यावं, ही विनंती.

खरा वाद झाला तो जिनिव्हावाल्यांवरून. पन्नास राज्यांची पंचायत तिथे बसते, आणि तिनं ठरवलं काय, तर इटलीला ठरावाचा कागद पाठवायचा, हा माल द्यायचा नाही, तो माल द्यायचा नाही. तेल मात्र चालू! मी भडकलो. म्हटलं, दारात उभं राहिल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही, कागद पाठवून काय होतंय? एक पाठवा, दोन पाठवा, तिसऱ्यावर "अखेरचा" असं लिहून पाठवा, समोरचा ते चुलीत घालतो!  नाना चष्म्यावरून बघत हळूच म्हणाले, "जमादारसाहेब, इंदूरला तुमची किती पत्रं गेली?"

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तीन गेली. तिसऱ्यावर मी खरंच "अखेरचं" असं लिहिलं होतं. पहिलटकरीण माहेरी यावी ही रीत आहे, आणि आठवा लागला की तिला प्रवासाला हलवत नाहीत. तो शनिवारी लागतो. व्याही गोविंदराव उत्तर देत नाहीत. कारण तुम्हाला कळलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा बोलत नव्हता. गेल्या वर्षी दिवाळसणाला जावयाबरोबर गोविंदरावही आले होते. ताटात चिरोटे पडले, गोष्टी निघाल्या, आणि मी सहज, अगदी सहज, शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं त्याची हकिगत सांगितली. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? ते गप्प होते, म्हणून मला वाटलं रंगलेत. मग मी विचारलं की तुमचे पणजोबा त्या दिवशी नदीच्या कुठल्या काठानं पळाले. दुसरा चिरोटा तसाच टाकून गोविंदराव उठले, आणि उभ्या उभ्या त्यांनी होळकरांनी पुणं कसं जाळलं ते सांगितलं. मला पुण्याचं काही वाटलं नाही, पण सौ. माहेरच्या पुण्याच्या बाजूच्या, त्यांना वाटलं. तेव्हापासून इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यात टपाल एकाच दिशेनं चालतं. शामलेचं तेवढं मागच्या आठवड्यात एक कार्ड आलं: रीतीप्रमाणे मुराळी आला तर सासरे पाठवायला तयार आहेत, पण आबांनी उंबरठ्याशी यायचं नाही. (मी तसाही गेलो नसतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी मी घेत नाही.) मुराळी म्हणजे न्यायला जाणारा भाऊ, नाहीतर मामा. तिला भाऊ नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तर परत हबसाणाकडे. काल चाचणी घेतली. वीटभट्टीवाल्याकडून एक खेचर आणलं, तरणं, डोळ्यांत थोडी लबाडी. त्याच्यावर फौजेचं ओझं लादून गोरखीपासून सराफ्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, वेळ घड्याळावर बघायची. ओझं म्हणून घरातून पलंगाखालची पत्र्याची पेटी उचलली. आत काय आहे ते पाहिलं नाही, वजनाला बरी होती. दुसऱ्या बाजूला तोलाला नानांच्या अर्जाच्या प्रती आणि दोन विटा. सराफ्यापर्यंत खेचर इतकं शिस्तीत चाललं की दौलतसिंह म्हणाले, "जमादार, हे तर तुमच्यापेक्षा सरळ चालतंय." तिथे एका लग्नाच्या बँडवाल्यानं नेमका भोंगा फुंकून पाहिला. खेचर उधळलं. बसऱ्यात माझ्या हाताखालचं एकही खेचर उधळलं नव्हतं, हे इथे नमूद करतो. पेटी सुटली, दगडावर आपटली, झाकण उघडलं, आणि भर सराफ्यात सगळा ऐवज सांडला.

जयसिंहराव, त्या पेटीत दुपटी होती. टोपडी होती. लाल काठाची एक कुंची होती, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. तुमच्या ताईनं चार महिने बसून शिवलं होतं, मला न सांगता. (मी विचारलंही नव्हतं.) आम्ही तिघं म्हातारे हबसाण सोडून रस्त्यावर वाकून टोपडी वेचत होतो, आणि सराफ्यातले दुकानदार गाद्यांवरून उठून "बधाई हो जमादारसाहब, बधाई हो!" असं ओरडत होते. एकानं विचारलं, बिटिया कब आई? मी त्या कुंचीची धूळ झटकत उभा होतो.  मला रडू आलं. लिहितोच आहे तर खरं लिहितो. दौलतसिंह म्हणाले धूळ गेली असेल डोळ्यात, आणि मी हो म्हटलं.

घरी आलो तर तुमच्या ताई दारात. बातमी खेचराच्या आधी पोचली होती. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण त्यांनी एकेक टोपडं हातात घेतलं, झटकलं, घडी घातली, पेटीत ठेवलं. सगळं आत गेल्यावर म्हणाल्या, "हबसाणला जायला तुमच्यापाशी एकशेवीस खेचरं आहेत. देवासला एक कार्ड टाकायला काही नाही." आणि आत गेल्या. एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

तरी मोहिमेचा माझा निश्चय कायम आहे हे समजावं. विजयाबाईंना नमस्कार, चित्त्यांना गोंजारणं.

आपला,
कान्होजी खराडे

ता.क. तंबू नकोत. दुर्बीणही नको. हबसाणच्या मोहिमेचा अर्ज नानांच्या दप्तरात ठेवला आहे, आणि त्या विटा वीटभट्टीवाल्याला परत दिल्या. निम्म्या प्रती खेचरानं खाल्ल्या.

ता.क. दुसरं: मुराळी म्हणून तुम्हीच जावं. तिच्यापाठी उभं राहायचा मान तुमचा होता, तो अजून तुमचाच आहे. बुधवारी सकाळी उज्जैनवरून येणाऱ्या गाडीनं मी पेटी घेऊन इंदूर स्टेशनावर उतरतो. तुम्ही देवासहून मोटारीनं या. मी स्टेशनावरच्या बाकावर बसून राहीन, होळकरांच्या हद्दीत तोंडातून एक शब्द काढणार नाही, आणि गोविंदरावांना माझ्या वतीनं सांगा की त्यांचे पणजोबा पळाले नव्हते. मी नीट विचार करून सांगतो आहे. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन पोरीला घेऊन या. मला तिला घरी आणायचं आहे, जयसिंहराव. दुसरं काही नको.

ता.क. तिसरं, आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं: लग्नात घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. मला त्याच संध्याकाळी किल्ल्यावरच्या वेळेच्या तोफेच्या आवाजावरून कळलं होतं. दीड वर्ष मी ते कुणाला सांगितलं नाही, तुमच्या ताईलासुद्धा नाही. बुधवारी फेटा सावकाश बांधा. घड्याळ मी घरीच ठेवून येतोय.