वीस माणसांची बस

गोर्नो ड्रेनोवो, १२ मे

चि. रालित्सा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. शहरातल्या कचेरीने कळवलंय की गावात वीस माणसं नसतील तर शुक्रवारची बस बंद. आम्ही आहोत सतरा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी काय उडत जाऊ? सरपंच अपोस्तोल यादी करायला आला, तेव्हा तू, जावईबापू, कालिना आणि मार्टिन अशी चार नावं मी ठणकावून सांगितली. सगळे द्राक्षमळ्यात गेलेत, असं मी म्हणाले. तुम्ही नऊ वर्षं स्पेनमध्ये आहात हे त्याला ठाऊक आहे, पण त्याने निमूट लिहून घेतलं. मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो अधूनमधून पत्रातही दिसू दे.

तुझी,
आई


झारागोझा, ३ जून

ती. आईस, रालित्साचा शि. सा. न. वि. वि.

आई, काय करून बसलीस हे? यादीतली दोन मुलं शाळेत का येत नाहीत, म्हणून शहरातल्या शाळेने तिथे राहणाऱ्या माझ्या नणंदेला गाठलं. मुलं घरी बसवली म्हणून आम्हाला दंड होईल म्हणे. कालिना इथे चौथीत आहे, तिला बल्गेरियन धड वाचताही येत नाही. तुझा जावई झिव्को दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. मुलांची नावं आधी काढून टाक. आणि त्या खटाऱ्यासाठी जीव टाकण्यापेक्षा इकडे ये, हे किती वर्षं सांगतेय? खोली रिकामी आहे. तू हट्टी आहेस आणि मी दमलेय. रागावलेय, तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
रालित्सा


गोर्नो ड्रेनोवो, ९ जुलै

चि. रालित्सा हिस आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं. शाळेच्या दोन बाई भर उन्हात चढ चढून आल्या. मी खरं काय ते सांगून टाकलं. धाकट्या मिलेनाबाई दंडाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. उलट माझा हात धरून म्हणाल्या, “आजी, सप्टेंबरपर्यंत तरी नावं राहू द्या. दोन मुलांवाचून माझा वर्ग बंद होतोय.” तुझी ताकीद होती, म्हणून मी त्यांच्यादेखत अपोस्तोलच्या यादीतल्या दोन्ही नावांवर रेघ मारली. बाई डोळे पुसत गेल्या.

उरलो एकोणीस. अपोस्तोलने विसावी म्हणून आपली बायको स्तान्का लिहिली. ती गेल्या हिवाळ्यात वारली, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या निधनाच्या बातमीचा कागद फोटोसकट त्यानेच बसथांब्यावर चिकटवला होता. तपासायला आलेला साहेब बसमधून उतरला तो त्या कागदासमोरच.

बस बंद झाली. शुक्रवारी हमरस्त्यापर्यंत पायी गेले, पोचेपर्यंत तिथून शहराला जाणारी गाडी निघून गेली होती. तशीच परत आले. तू ये म्हणतेस, पण मी निघाले तर इथे सोळा उरतील आणि पाववाल्याची गाडीही यायची थांबेल. मला तुझा राग येतो, पोरी, आणि तू जवळ असतीस तर आला नसता.

तू सांगितलंस तशी मुलांची नावं खोडली. तुझं मात्र यादीत तसंच आहे. आता त्याचा काही उपयोग नाही, तरी मी ते खोडू देणार नाही.

तुझी,
आई