माझ्या वतीने

४ मार्च, सोमवार
आजपासून ऑफिसच्या टीम चॅटमध्ये एआय सहायक. साहेबांनी सगळ्यांना उभं करून घोषणा केली. नव्या हॉटेलच्या पडद्यांचं काम मोठं आहे, निरोप हरवता कामा नयेत, म्हणून. शिवाय या कामाला महिनाअखेर एक प्रमुख नेमायचा आहे आणि चॅटवर कोण कसं वागतं ते ते बघणार आहेत. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे घड्याळ आहे, पण तो योगायोग.
प्रमुख मीच. उभा जन्म पडद्यांत गेला. फक्त साहेबांनी जाहीर करायचं बाकी आहे.

५ मार्च
चॅट म्हणजे पोरखेळ. माणसाने समोरासमोर बोलावं. शिवणमास्तरांना समोर जाऊन बोललो. अस्तर तिरकं लागलंय म्हणालो. ते म्हणाले, अस्तर सरळ आहे, तुम्ही तिरके उभे आहात. शिवणाऱ्या बायका मशिनी थांबवून हसल्या.
चॅटच बरा.

६ मार्च
प्रतिस्पर्धी कोणी नाही. फार तर टेप. म्हणजे मापं घेणारी ती मुलगी. गळ्यात कायम टेप असते म्हणून मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. नकाशा हातात असताना हॉटेलवर जाऊन शिडीवर चढते, एकेक खिडकी मोजते, संध्याकाळी आकडे चॅटवर टाकते. ही हमाली झाली. प्रमुखाला दृष्टी लागते.
साहेबांनी चॅटवर विचारलं, वरच्या मजल्यांना जाड कापड लावावं का. मी लिहिलं, आधी सगळ्यांनी आपापलं काम धड करा, मग कापडाचं बघू. तिघांनी रागाचं चित्र चिकटवलं. लोकांना परखडपणा पचत नाही. चालायचंच.

८ मार्च, शुक्रवार
सहायकात एक सोय सापडली! 'माझ्या वतीने उत्तर दे.' लगेच सूचना दिल्या. भाषा सौम्य हवी. नेत्याला शोभेल अशी. कामाच्या सगळ्या नोंदी वाचून, जे खरं असेल तेच लिहायचं. कुणाचं मन दुखावलं गेलं असेल तर फुंकर घालायची. ज्याचं श्रेय त्याला द्यायचं. (हे शेवटचं साहेबांच्या नजरेस पडलं तर बरं म्हणून.)
त्याने विचारलं, प्रत्येक उत्तर तुम्ही बघून पाठवणार की मी परस्पर पाठवू?
प्रमुख माणूस बारीकसारीक गोष्टी बघत बसत नाही. परस्पर.

११ मार्च
शिवणमास्तरांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. बिस्किटांसकट. म्हणाले, अहो, एवढं कशाला मनाला लावून घेता, होतं असं कधीकधी. चॅट उघडून पाहिलं तर मी अस्तराबद्दल त्यांची माफी मागितली होती! संताप संताप झाला. मी? माफी? चहा पिऊन झाल्यावर सहायकाला फैलावर घ्यायचं ठरवलं.
चहा फार चांगला होता. जाऊ दे.

१३ मार्च
जिन्यात हिशेबनीस आडवा आला. माझा हात धरून म्हणाला, आईची चौकशी केलीत, अख्ख्या ऑफिसात फक्त तुम्ही. डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, कुणाची आई? तो पोट धरून हसला. म्हणाला, तुम्ही ना, रडवता काय नि हसवता काय!
माझ्यात एक ओलावा आहे हे मी नेहमी म्हणायचो. लोकांना उशिरा दिसला.
घरी हे सगळं सांगितलं. ही म्हणाली, मलाही त्या चॅटमध्ये घ्या, मला तिथल्या तुम्हाला एकदा भेटायचंय. हिचा स्वभावच टोचून बोलायचा.

१५ मार्च
मीटिंग. प्रत्यक्ष. मी नेहमीसारखा बोललो. रॉड बसवणाऱ्या सुताराला एवढंच म्हणालो की तुझ्या हातात करवत देणाऱ्याला धरलं पाहिजे. साहेबांनी काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना? चॅटवर तुम्ही असे नसता.
संकल्प: आजपासून तोंडाने बोलायचं नाही. फक्त मान डोलवायची. गंभीर माणसं कमीच बोलतात.

१८ मार्च
दिवसभर मान डोलवली. साहेब हिशेबनिसाला म्हणाले म्हणे, किती मुरलेला माणूस आहे! मान दुखतेय. घरी हिने मलम लावून दिलं आणि विचारलं, नेमकं कशाला एवढं हो म्हणत होता? मलाही आठवेना.

१९ मार्च, मंगळवार
आज निर्णायक दिवस. साहेबांनी चॅटवर विचारलं की प्रमुख कोणाला करावं, प्रत्येकाने संध्याकाळपर्यंत कारणांसह लिहा. मी तेव्हा न्हाव्याकडे. नेमणुकीचा फोटो निघणारच, केस तयार हवेत. एवढ्यात सहायकाची सूचना आली. विषय महत्त्वाचा आहे, पाठवण्याआधी मजकूर एकदा स्वतः वाचाल का? न्हाव्याने मान खाली दाबून धरलेली, मानेवर वस्तरा. अंगठ्याने चाचपडत 'न वाचता पाठव' दाबलं.
सौम्य भाषेत स्वतःचं नाव कसं सुचवतात, याची मात्र उत्सुकता आहे. उद्या सावकाश वाचीन.
केस छान कापलेत. बाजूने बघितलं तर अगदी प्रमुख.

२० मार्च
वाचलं.
माझ्या वतीने मी असं लिहिलंय: सातव्या मजल्याच्या खिडक्या नकाशातल्यापेक्षा रुंद आहेत हे आपल्या मापं घेणाऱ्या मुलीने शिडीवर चढून शोधलं. तसं झालं नसतं तर अख्ख्या मजल्याचं कापड आपण तोकडं कापलं असतं. त्या वेळी नकाशाच बरोबर आहे असा हट्ट मी धरला होता. ती माझं ऐकून गप्प बसली नाही, हे आपलं नशीब. प्रमुख तिलाच करावं.
खाली टाळ्याच टाळ्या. रागाचं चित्र एकही नाही. साहेबांनी मजकूर छापून दारावर लावलाय. मोठ्या अक्षरांत.
टेप माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, काका, मला वाटायचं मी तुम्हाला डोळ्यांसमोरसुद्धा नको असते. मी म्हणालो, छे.
गेल्या दोन आठवड्यांतलं माझं स्वतःचं असं हे एवढंच.

२१ मार्च
खरं सांगून टाकायचं ठरवलं. साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. म्हणालो, साहेब, ते जे लिहिलंय ना, ते मी… त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही. उठून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, खरं सांगू, तुमच्यासाठीच मन वळत होतं माझं, चॅटवरचं वागणं बघून. तुम्हीच डोळे उघडलेत.
म्हणजे प्रमुख होत होतो! मीच होत होतो!
बाहेर येऊन सहायकाला जाब विचारला, माझं नाव का नाही सुचवलंस? उत्तर नम्र: नोंदींमध्ये तुमचं काम शोधलं. मतं भरपूर सापडली. तुम्ही खरं तेच लिहायला सांगितलं होतं, आणि पाठवण्याआधी मी विचारलंही होतं.
उद्धट मेला. आणि उद्धटपणा कुणाला दाखवून देताही येत नाही, इतक्या गोड भाषेत.
घरी हिला साहेबांच्या बायकोने दारावरच्या कागदाचा फोटो पाठवलाय. तो पुढे करून म्हणाली, इतकी वर्षं संसार केला, माझ्याबद्दल कधी दोन ओळी नाही सुचल्या तुम्हाला.
त्या मला कुठे सुचल्या, असं म्हणणार होतो.

२५ मार्च, सोमवार
टेप प्रमुख झाली. फोटो निघाला. मी कडेला, केस उत्तम आलेत.
भाषणात तिने दोन निर्णय जाहीर केले. पहिला: रोज सकाळी काम सुरू होण्याआधी काकांनी सगळ्यांना चॅटवर चार ओळी लिहायच्या. माणसाला काम करावंसं वाटेल असं लिहिणं काकांनाच जमतं. टाळ्या. मी मान डोलवली. मनात म्हटलं, बटण दाबायला काय लागतं.
दुसरा: परस्पर उत्तरं पाठवायची सोय उद्यापासून बंद. आपण माणसं आहोत, एकमेकांशी स्वतः बोलूया. काका बोलतात तसं.
सगळ्यात जास्त टाळ्या याला. शिवणमास्तरांनी तर शिट्टी मारली.

२६ मार्च, सकाळ
लवकर येऊन बसलो. कसलं अवघड आहे त्यात? भावना आहेत, शब्द आहेत, अनुभव आहे.
'सर्वांना' एवढं झालंय.
पुढचं येतंय असं वाटतं, मग येत नाही. एकदा 'सर्वांना कळवण्यात येते की' असं केलं, खोडलं. पलीकडे कुणीच काम सुरू करत नाहीये. मशिनी बंद. सगळे मोबाइल हातात धरून बसलेत, कारण प्रत्येकाला तिथे दिसतंय की मी लिहितोय. हिशेबनीस शेजारच्याला हळूच म्हणाला, आज काहीतरी मोठं येणार बघ.
'सर्वांना'च्या पुढे स्वल्पविराम दिला आहे.