साडेसहाचा पाऊस

२३ ऑक्टोबर
परत २.१ मि.मी. आकाश स्वच्छ, अंगण कोरडं, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकलसुद्धा धूळ उडवत गेली. आणि पर्जन्यमापकाच्या स्क्रीनवर सकाळी साडेसहाला पाऊस! आज पाचवा दिवस. हवामानाच्या ग्रुपवर, तो चालवणाऱ्या दामलेंचा मेसेज: "धारगळला वेगळं आकाश आहे का?" खाली सगळ्यांच्या हसऱ्या बाहुल्या. डोकं फिरलं.

२४ ऑ.
१.८. यंत्र उघडून पुसलं. कोळी नाही, मुंगी नाही, सेल नवे. दव म्हणावं तर एवढं दव पडतं कुठे.
सगळं बिनसलं ते मे महिन्यात. गच्ची गळते म्हणून हिने वर पत्रे घालून घेतले. "तुमचो पावस मोजूक गच्ची उघडी, आनी आमी खाली बालद्यो लावूच्यो?" आमच्या अंगणात माड, यंत्राला तर उघडं आकाश हवं. शेवटी शेजारच्या सुमतीकाकीच्या अंगणात, तुळशीजवळ सिमेंटचा खांब करून त्यावर बसवलं. काकी ऐंशीची, एकटी. मुलगा दिलीप वास्कोला बंदरात. एका शब्दात हो म्हणाली. स्क्रीन आमच्या सोप्यावर.

२६ ऑ.
दामलेंचा खाजगी मेसेज. महिनाअखेर सुधारलं नाही तर धारगळ ग्रुपच्या पावसाच्या नकाशावरून काढणार. इतकी वर्षं आकडे पाठवतोय, तापातसुद्धा खाडा नाही. आणि आता खोटारडा ठरणार मी.

२७ ऑ.
चोर सापडला. पहाटे उठून कुंपणापाशी उभा राहिलो. काकी न्हाऊन आली, तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली, आणि तांब्यात उरलेलं घोटभर पाणी शांतपणे यंत्रात! वर नमस्कार.
"काकी, ह्यां काय करतंस?"
"तुळशीच्या शेजाराक उभो आसा रे. तेका सुको कसो ठेवू?"
समजावलं. "बरां, बरां," म्हणाली. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं, जूनमध्ये यंत्र बसवल्यापासून घालत असणार, पावसात कळलं नाही. म्हणजे अख्ख्या पावसाळ्याचे आकडे गेले. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ही मात्र पोट धरून हसतेय.

३० ऑ.
०.९. बंद नाही, कमी केलंय. उपकार! परत सांगून आलो. म्हणे, "हात आपसूक जाता रे."
दामलेंना खरं कारण कळवलं. इतके हसले की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मुदत वाढवून दिली.

७ नोव्हेंबर
०.४, ०.०, १.१, ०.६... काकीच्या लहरीचा आलेख.

१३ नो.
तुळशीचं लग्न, आमची व्हडली, म्हणजे मोठी दिवाळी. दुपारी अवचित गडगडाट आणि दणकून पाऊस, गटारं भरून वाहिली. महिन्यातला पहिला खरा पाऊस. स्क्रीनवर ०.०.
धावत गेलो. तुळशीबरोबर काकीने यंत्राच्या खांबालाही चुना लावलेला. ऊस बांधलेला, झेंडूची माळ, आणि यंत्राच्या तोंडात चिंचा-आवळ्यांसकट फुलांचा गच्च गोळा. पाणी सगळं बाहेरून वाहून गेलेलं.
ओरडलो. भटजी येऊन बसले होते, वाड्यावरची माणसं होती, तरी ओरडलो. "हात लावू नको म्हणून सांगलंय मा? देव न्हय तो! डबो आसा, डबो!"
काकीने भिजलेली फुलं एकेक काढून पदरात घेतली.
लग्नाला थांबलो नाही.

१४ नो.
०.०.

१५ नो.
०.०. आकाश स्वच्छ, आकडा स्वच्छ. दामले: "अभिनंदन, धारगळ राहिलं!" हिला दाखवलं. म्हटलं, बघ, एकदा आवाज चढवला की माणसाला बरोबर कळतं. ही उठून आत गेली.

१६ नो.
०.०.
दुपारी दिलीपची गाडी आली. काकी लग्नाच्या रात्रीपासून तापाने पडून होती. फोन उचलत नाही म्हणून तो धावत आला. मागच्या सीटवर निजवून वास्कोला नेलं. मी गाडीचं दार लावलं, काकीने डोळे उघडले नाहीत.
ही म्हणाली, "त्या दिसाच्या तमाशान माका थंय तोंड दाखवूक लाज वाटली, म्हणून गेलंय नाय. पण तुमका रोज सकाळी कळत होतां."
खरं आहे. तीन दिवस शून्य येत होतं आणि मी खूष होतो. स्वतःचीच इतकी चीड आली की जेवण गेलं नाही.

१९ नो.
०.०. दिलीपचा फोन. ताप उतरलाय, पण उठवत नाही. "आता हयंच ठेवूचो इचार आसा. धारगळाक एकटी खंय..." मी हूं हूं करत राहिलो. ठेवताना म्हणाला, "आई इचारता, थंय पाणी कोण घालता म्हणून."
कोण घालणार. सहा दिवसांत कोणी बघितलेलंसुद्धा नाही.

२० नो.
न्हाऊन काकीच्या अंगणात गेलो. पोदेराचा भोंपू वाजत होता. तुळस माना टाकून. खांबाचा चुना अजून पांढराशुभ्र, उसाची पानं सुकलेली. तांब्याने पाणी घातलं. प्रदक्षिणा घालायला लाज वाटली, तरी घातली.
तांब्यात घोटभर उरलं. यंत्रासमोर उभा राहिलो.
रिकामा तांब्या घेऊन घरी आलो. स्क्रीन अजून बघितलेला नाही.