पहिला पत्ता माझा

३ मार्च, सोमवार
आधी टपकली चष्मेवाली. तिच्यामागून उंच्या, दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच आत. दोघंही नातीच्या नेटवर्किंगच्या कोर्समधली. परीक्षा जवळ आलीय, पास झाले तर तिघांची नोकरी पक्की, म्हणून रोज दुपारी आमच्याच हॉलमध्ये बसणार. एरवी दुपारी या घरात फक्त फ्रिज बोलतो. मला इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर पडली. कुणी हूं की चूं केलं नाही. चांगल्या घरची मुलं. उंच्याच्या आईने म्हणे वर्षात दुसऱ्यांदा घर बदललं. का, ते काढून घ्यायचं राहिलं. उद्या.
संकल्प: मधे बोलायचं नाही. कोपऱ्यात बसून काज-बटणं करायची.

४ मार्च, मंगळवार
बोलले. पण गरज होती म्हणून.
विषय असा: प्रत्येक कॉम्प्युटरला, फोनला एक पत्ता असतो. आयपी म्हणतात. चार आकडे, मधे टिंबं. एका पट्ट्यात असे दोनशे छप्पन पत्ते, आणि त्या पट्ट्याचे तुकडे पाडायचे, ते सबनेटिंग. चष्मेवालीने चार तुकडे पाडले आणि प्रत्येकात चौसष्ट मशीन बसवली. चूक. नात सांगून दमली की तुकड्यातला पहिला पत्ता त्या तुकड्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, हे दोन कुणाला द्यायचे नाहीत. मी म्हटलं, अगं, कापडाचे चार तुकडे केलेस तर प्रत्येकाच्या दोन्ही कडा शिवणीत जातात ना? वापरायला उरतं ते मधलं. बासष्ट! चष्मेवाली बघतच राहिली. उंच्या म्हणाला, आजी, आता तुम्हीच शिकवा.
सूनबाई म्हणते, तो थट्टेने म्हणाला. तिला कौतुक ओळखता येत नाही, आधीपासूनच.
मी चौथी नापास. आणि आता मास्तरीण!

६ मार्च, गुरुवार
माझाही अभ्यास सुरू. नातीने माझ्या टॅबलेटमध्ये दाखवलं, आपला पत्ता कुठे दिसतो आणि हाताने कसा बदलतो. एकदा बघितलं, आलं. जन्मभर लोकांची मापं लिहिली, मला आकड्यांचं काय! माझ्या पत्त्याच्या शेवटी सदतीस.
मग निघाला मास्क. पत्त्यातला कुठला भाग गल्लीचा आणि कुठला घराचा, हे मास्क सांगतो. त्यावरून मला मावशीच्या गल्लीतली दोन घरं आठवली. दोन्हींचा नंबर एकच, आणि एका घरचा नवरदेव दुसऱ्याच घरी जाऊन बसला. जेवला सुद्धा! सगळं सविस्तर सांगितलं, त्या नवरदेवाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत. नात म्हणाली, आजी, आज एकही गणित झालं नाही. गणितं काय, पुस्तकात आहेतच.

१० मार्च, सोमवार
मुलं आता आतल्या खोलीत बसतात, दार लावून. माझी झोपमोड होऊ नये म्हणून, असं चष्मेवाली म्हणाली. मी दुपारी कधीच झोपत नाही, पण काळजी बघा केवढी! चहा घेऊन तीनदा दार वाजवलं. तिसऱ्यांदा उंच्याने कप दारातूनच घेतला. लाजतो बिचारा.
घर बदलण्याचं कारण अजून कळलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार, दुपारी अडीच
आज एक अन्याय उघडकीला आला. सहज विचारलं, या घरातला एक नंबरचा पत्ता कुणाचा? उंच्या म्हणाला, राउटरचा. म्हणजे चपलांच्या कपाटावरचा तो लुकलुकणारा डबा! गेल्या वर्षी घरात आलाय, त्याची धूळ मी पुसते, आणि तो एक नंबर? मी सदतीस? घरात सगळ्यात मोठं कोण?
बसले आणि बदलला. सदतीस खोडून एक. काय शोभून दिसतोय!

त्याच दिवशी, साडेचार
आत आरडाओरडा. परीक्षेसारखीच हुबेहूब सराव परीक्षा ऑनलाइन चालली होती आणि मधेच सगळ्यांचं इंटरनेट गेलं. कंपनीच फालतू. मी पहिल्यापासून सांगत होते.

१३ मार्च, गुरुवार
इंटरनेटवाला आला. म्हणाला, घरातल्या कुणीतरी राउटरचाच पत्ता घेतलाय. बाहेर जायची वाट सगळे राउटरला विचारतात, ते चुकून त्या दुसऱ्याच मशीनला विचारत बसले. मला जरा बरंच वाटलं. म्हणजे सगळे माझ्याकडे येत होते!
मग त्याने टॅबलेट उचलला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, टॅबलेट जुना झालाय.
सूनबाई बोलली, पोटभर. नात एवढंच म्हणाली की ती सराव परीक्षा एकदाच देता येते. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सगळ्यांशी अबोला धरला. चहापर्यंत.
टॅबलेटचा पत्ता आता आपोआप ठरतो. सेटिंगला पासवर्ड घातलाय. महत्त्वाच्या वस्तूला कुलूप हवंच.

१४ मार्च, शुक्रवार
कुणी आलं नाही. नातही त्यांच्याबरोबर लायब्ररीत. तिथे म्हणे बोलायला बंदी असते. मग शिकतात कसं? तीन कप केले होते. दोन मी प्यायले, एक सिंकमध्ये.

१७ मार्च, सोमवार
आले! नातीबरोबर दोघंही. उंच्याचा चार्जर राहिला होता. चपला काढल्या नाहीत, घाईत होते. मी म्हटलं, अभ्यासाला कधी येताय? अवघड भाग तर राहिलाच आहे. चष्मेवालीने उंच्याकडे बघितलं, उंच्याने छताकडे. मग म्हणाला, गुरुवारी, आजी, नक्की.
परीक्षा बुधवारी आहे. नातीने मला नीट समजावलं: परीक्षा आधी, गुरुवार नंतर. सूनबाई स्वयंपाकघरात उगीचच खोकली.
मला कळत नाही का? परीक्षेपुरतं कुणीही शिकवतं. खरं शिकायचं ते पोरांनी नंतरसाठी ठेवलंय.
गुरुवार, वीस तारीख. दुपारी तीन.