चिंचेच्या पाण्यातले अंडे

महेंद्र,

आज मी तुला ‘आपण’ म्हणते आहे, यावरून राग किती आहे ते ओळखावे.

“ताई यायचीय सोनईहून, तुझे दगड लई मळलेत,” असे म्हणून आपण माझ्या टेबलावरचे जीवाश्म उंचीप्रमाणे कवायतीला उभे केलेत आणि त्यांच्या चिठ्ठ्या केरात टाकल्यात. कुठे सापडला हे ठाऊक नसलेला जीवाश्म नुसता दगडच असतो. तेव्हा केराची बादली घंटागाडीत रिकामी करू नये. चिठ्ठ्या वेचून ठेवाव्यात.

तो गोल दगड देवाच्या पितळी भांड्यांबरोबर चिंचेच्या पाण्यात घातलात, हा अपराध वेगळा. आणखी तासभर राहिला असता तर कवचच विरघळले असते. पण ज्या चुन्याच्या पुटाला नऊ वर्षे हात लावायला मी धजले नाही, ते गेले आहे आणि खाली बारीक दाणे, छिद्रे दिसताहेत! महेंद्र, ते बहुधा खरेच डायनोसॉरचे अंडे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पहिल्या एसटीने पुण्याला निघाले आहे.

भात कुकरमध्ये आहे.

अंडे ठरलेच, तर त्याच्या चिठ्ठीवर ‘स्वच्छता : महेंद्र’ असे मला स्वहस्ते लिहावे लागेल. रागाचे मुख्य कारण तेच आहे.

वृषाली